रतनगड ते हरिश्चंद्रगड : आठ जणांचा तीन दिवसांचा शिधा

डोंगरातल्या मुक्कामाचा बेत ठरवताना बहुतेक गट आधी पदार्थांची यादी करतात. ती शेवटी करायची गोष्ट आहे. आधी बघायचं ते पाणी कुठे मिळणार आणि जाळायला काय असणार. या दोन्हींचा हिशोब मांडला की निम्मे पदार्थ आपोआप गळतात. छोल्यांना गॅस पुरत नाही, पोळ्या लाटायला सपाट जागा नसते आणि पावभाजीची भांडी घासायला पाणी उरत नाही.

इथे रतनवाडी – रतनगड – कात्राबाई खिंड – कुमशेत – पाचनई – हरिश्चंद्रगड ही वाट धरली आहे. माणसं आठ, मुक्काम दोन (पहिला रतनगडावरच्या गुहेत, दुसरा पाचनईत), हंगाम डिसेंबरचा. माणसं कमी-जास्त असली तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत, फक्त गॅसचे नकोत. चार जणांना गॅस निम्मा लागत नाही, साधारण दोन तृतीयांश लागतो.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ पासून ते अभयारण्य आहे आणि तिथे जंगलात आग पेटवणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे तीन दगडांची चूल आणि गोळा केलेला लाकूडफाटा हा बेत मुळातच बाद. मुक्काम कुठे करता येईल तेही निघण्याआधी वन विभागाकडे विचारून घ्यावं, नियम बदलत असतात.

गॅसचा हिशोब

झाकण ठेवून, वारा अडवून एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. झाकण नसेल आणि वारा असेल तर याच्या दुप्पट सहज जातो. या बेतात चार वेळचा चहा (१०० ग्रॅम), एक खिचडी (११०), सार (२५), उपमा (५०) आणि पिठलं (४०) धरलं तर सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास होतात. २३० ग्रॅमचे दोन डबे पुरतात, तिसरा सोबत असू द्यावा. पाचनईत ज्यांच्याकडे उतरणार त्यांच्या चुलीवर पिठलं झालं तर तिसऱ्याला हातही लागणार नाही.

डबे दोन प्रकारचे मिळतात. एक आट्यांचा बुटका, ज्यावर छोटा स्टोव्ह फिरवून बसवतात. दुसरा लांब, जो पेटीसारख्या चपट्या स्टोव्हच्या कप्प्यात आडवा बसतो. एकाचा डबा दुसऱ्याला चालत नाही आणि ही चूक गडावरच लक्षात येते. म्हणून घरीच एकदा जोडून, पेटवून बघावं.

आठ जणांचा मोठा टोप बुटक्या डब्यावरच्या स्टोव्हवर ठेवू नये. तो कलंडतो, आणि कलंडला की उकळतं पाणी कुणाच्या तरी पायावर जातं. चपट्या स्टोव्हची अडचण वेगळी. फार रुंद टोप ठेवला तर त्याची धग खाली परतून डब्याच्या कप्प्यावर येते आणि डबा तापतो. कप्प्याच्या झाकणावर टोप येता कामा नये. वाऱ्यासाठी आडोसा करताना डब्यालाही चारही बाजूंनी कोंडू नये, कारण तेच. एका मोठ्या टोपापेक्षा दोन स्टोव्ह आणि दोन मध्यम टोप केव्हाही बरे. एक रुसला तर दुसरा चालतो.

थंडीत गॅस मंदावतो. डब्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणंच सोडून देतो आणि आठ-दहा अंशांनाही त्याचा जोर कमी पडतो. रात्री डबा उघड्यावर न ठेवता कपड्यांच्या पिशवीत ठेवावा, म्हणजे पहाटेच्या चहाला ताटकळावं लागत नाही. तंबूत स्टोव्ह पेटवू नये. कपडा पेटण्याचा धोका आहेच, पण बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड त्याहून वाईट, कारण तो वासाने कळत नाही.

आणखी एक गोष्ट कसारा लोकलने येणाऱ्यांसाठी. रेल्वेत गॅसचे डबे नेता येत नाहीत, लहान असले तरी. गटातलं कुणी खासगी गाडीने येत असेल तर डबे त्याच्याकडे द्यावेत. कुणीच तसं नसेल तर गॅसचा बेत सोडून घरचं कोरडं खाणं आणि रतनवाडी, कुमशेत, पाचनईतली जेवणं यांवर आखणी करावी. तीही चांगली होते.

पाणी

पहिल्या रात्री रतनगडावर लागणारं पाणी असं. खिचडीला ४ लिटर, साराला दीड, दोन चहांना अडीच, उपम्याला २, भांड्यांना ४ ते ५. हे झाले १५. शिवाय रात्री पिण्याचे आठेक लिटर आणि दुसऱ्या दिवशी चालताना माणशी ३ लिटर. एकूण ४५ ते ५० लिटर. गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, पण टाक्यापासून मुक्कामाच्या जागेपर्यंत एवढं पाणी बाटल्यांनी आणायचं म्हणजे दहा फेऱ्या. पाच लिटरचे तीन-चार रिकामे कॅन पाठपिशवीला बाहेरून बांधून न्यावेत, वजन जवळजवळ नसतंच. गडावर पोचल्यावर अंधाराच्या आत पहिलं काम पाण्याचं. चहा त्यानंतर.

टाक्यात स्वयंपाकाचं भांडं बुडवू नये, हात धुऊ नयेत, साबण तर नाहीच. दोरी बांधलेलं एक स्वच्छ भांडं फक्त पाणी काढायला वेगळं ठेवावं. पाणी आधी चार पदरी सुती कापडातून गाळायचं, मग पिण्याच्या पाण्यात क्लोरीनची गोळी. गोळी किती लिटरला हे पाकिटावर बघावं, वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचं. स्वयंपाकाच्या पाण्याला गोळी नको, ते उकळणारच आहे. वाटेतल्या ओढ्यांवर जानेवारीनंतर भरवसा ठेवू नये.

बेत

शनिवारी सकाळी रतनवाडीत नाश्ता. दुपारी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. संध्याकाळी चहा-चिवडा, रात्री मुगाची खिचडी, पापड, आमसुलाचं सार.
रविवारी सकाळी उपमा. दुपारी कात्राबाईच्या आसपास तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळाची पोळी. रात्री पाचनईत पिठलं आणि गावातल्या भाकऱ्या.
सोमवारी सकाळी चहा आणि सातूचं पीठ. दुपारी हरिश्चंद्रगडावर जेवण मिळतं. तरी एक वेळच्या पुऱ्या जास्त असाव्यात.

यात खऱ्या अर्थाने शिजवायचं असं फक्त तीनदा आहे, आणि ते पुरे आहे. दिवसभर चालून आलेल्या माणसांना रात्री साडेसातला गरम काहीतरी ताटात हवं असतं. नवाला तयार होणाऱ्या बिर्याणीला कुणी दाद देत नाही, निम्मे झोपलेले असतात.

पाचनईतल्या भाकऱ्यांचं मात्र आदल्या दिवशी फोन करून सांगावं आणि आकडा नक्की सांगावा. या भागात तांदळाची किंवा नागलीची भाकरी मिळते. आठ जणांना २० भाकऱ्या धराव्यात. अचानक रात्री आठला जाऊन वीस भाकऱ्या मागणं बरोबर नाही. घरच्या बाईने दिवसभर शेतात काम केलेलं असतं.

घरी करायची कामं

बुधवारी तांदूळ-डाळ. ६४० ग्रॅम कोलम तांदूळ आणि ३२० ग्रॅम मुगाची डाळ (माणशी ८० आणि ४०) घरीच तीन पाण्यांनी धुऊन, निथळून, सुती कापडावर पंख्याखाली दिवसभर पसरावी. गुरुवारी मंद आचेवर कोरडी भाजून घ्यावी, तांदूळ हाताला गरम लागून सुटसुटीत होईपर्यंत. यामुळे गडावरचं तीन-चार लिटर धुण्याचं पाणी वाचतं. मात्र दाणा आतून दमट राहिला तर दोन दिवसांत पिशवी उघडताच आंबूस वास येतो. दाताखाली धरून बघावा, टचकन तुटला तर सुकला. इंद्रायणी आणि आंबेमोहोर घरी कितीही आवडते असले तरी इथे नकोत, तळाला चिकटतात. तूरडाळही नको. हरिश्चंद्रगडाच्या उंचीवर, म्हणजे चौदाशे मीटरच्या आसपास, पाणी ९५ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय तूर तिथे बराच वेळ घेते, मूग घेत नाही.

खिचडीच्या पिशवीतच १५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, ३ मोठे चमचे गोडा मसाला, १ चमचा हळद आणि ३० ग्रॅम मीठ (सपाट पाच छोटे चमचे) वेगळ्या पुडीत घालून ठेवावं. पुडीवर "मीठ आत आहे" असं लिहावं. दोघं स्वयंपाकाला असले की मीठ दोनदा पडतं, आणि पाच लिटर खारट खिचडीला गडावर उपाय नसतो.

उपमा असा. ८० मिली तेलात मोहरी, दोन चमचे उडीद डाळ, आठ हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि मूठभर कढीलिंब घालून मिरच्या कुरकुरीत होईपर्यंत परतायचं. मऊ राहिल्या तर त्यातल्या ओलाव्याने सगळं मिश्रण बिघडतं. मग त्यात ५०० ग्रॅम जाडा रवा, १२ ते १५ मिनिटं मंद आचेवर. शेवटी १५ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम साखर. परातीत पसरून दोन तास पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच पिशवीत. कोमट भरलं तर आत वाफ धरते. गडावर पावणेदोन ते दोन लिटर उकळत्या पाण्यात हे मिश्रण एका हाताने सोडत दुसऱ्याने ढवळायचं, झाकण ठेवून पाच मिनिटं, वर लिंबू. कांदा घालायचा मोह टाळावा. तो परतायला दहा मिनिटांचा गॅस जातो.

दशम्या शुक्रवारी. एक किलो कणकेला साधारण ६०० मिली दूध, ५० मिली तेल, मीठ. पाण्याचा थेंब नको, दुधातच भिजवायची. २८ ते ३० दशम्या होतात, माणशी साडेतीनच्या आसपास. दोन्ही बाजूंनी तेल सोडून भाजून त्या एकावर एक न रचता कापडावर सुट्या गार कराव्यात. गरम असताना डब्यात रचलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशी तळाला ओल्या असतात आणि तिथूनच वास सुरू होतो. फॉइलपेक्षा जुनं सुती पंचं किंवा धोतराचा तुकडा बरा.

पुऱ्यांना ७५० ग्रॅम कणीक, १५० ग्रॅम बेसन, तीन मोठे चमचे कडकडीत मोहन, तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ. पीठ घट्ट मळावं. मेथी, कोथिंबीर, कांदा काहीही ओलं घालू नये. साध्या पुऱ्या तीन-चार दिवस टिकतात, मेथीच्या दुसऱ्याच दिवशी चिकट होऊ लागतात. गुळाच्या पोळ्या १६. पुरणपोळी नेऊ नये, पुरण आंबतं.

चटण्यांत शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चालते. ओल्या नारळाची दुपारपर्यंतच. लसणाच्या चटणीत लसूण कच्चा न ठेवता भाजून सुका करावा.

पिठल्यासाठी ३०० ग्रॅम बेसन कोरडंच मंद भाजून पिशवीत. सातूच्या पिठाचं माणशी ५० ग्रॅम, त्याला २५ ते ३० ग्रॅम किसलेला गूळ. गूळ घरीच किसावा. थंड पाण्यात कालवलं की झालं, गॅस लागत नाही.

आठ कप चहाला (सव्वा लिटर) २० ग्रॅम चहा पावडर, ९० ग्रॅम साखर, ७० ग्रॅम दूध पावडर. चार वेळा म्हणजे ८०, ३६० आणि २८० ग्रॅम. प्रत्येक वेळची चहा-साखर एका पुडीत, दूध पावडर वेगळी. पावडर उकळत्या चहात टाकली की गुठळ्या होतात. कपभर कोमट पाण्यात आधी कालवून, गॅस बंद करून मग ओतावी. गुळाचा चहा हवा असेल तर कोरा प्यावा, दूध फाटण्याचा खेळ तिथे नको.

चालताना खायला माणशी रोज दोन शेंगदाणा-गूळ लाडू आणि मूठभर चिवडा किंवा चिक्की. डिंकाचे लाडू असतील तर उत्तमच, पण ते पहिल्याच दिवशी संपतात. थोडे लपवून ठेवावे लागतात. सोबत चार-पाच मीठ-साखरेच्या पुड्या (ओआरएस) आणि १२ लिंबं.

भाज्यांत पाव किलो कांदे, पाव किलो बटाटे, एक लसूण गड्डा, आल्याचा तुकडा. अख्खंच न्यावं, चिरून नाही. टोमॅटोऐवजी २० आमसुलं न्यावीत. तीन दिवस पाठीवर टोमॅटो सुखरूप राहत नाही. सुकट-बोंबील नेणारे नेतात, पण भाजल्यावर वास गुहाभर फिरतो आणि शेजारी दुसरा गट असेल तर त्यांनाही विचारात घ्यावं.

बांधणी

पिशव्या वेळेप्रमाणे बांधाव्यात, वाणसामानाप्रमाणे नाही. "शनिवार रात्र" या पिशवीत खिचडी, तिचा मसाला, पापड, सार, चहाची पुडी, सगळं एकत्र. आत एक चिठ्ठी : पाणी ४ लिटर, भिजवणं अर्धा तास, मीठ पुडीत आहे. अशी चिठ्ठी असली की ज्याने बेत आखला तो मागे राहिला तरी काम अडत नाही. याउलट सगळा तांदूळ एकीकडे, सगळं तेल दुसरीकडे अशी बांधणी केली की अंधारात विजेरीच्या उजेडात आठही पाठपिशव्या उचकाव्या लागतात.

तेल ३०० मिली, शीतपेयाच्या बाटलीत. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, बाहेरून दोन पिशव्या. काच कुठलीही नको. पहिल्या दिवशीचं खाणं वर, सोमवारचं तळाशी. शिधा सगळा मिळून दहा किलोच्या आसपास, भांडी-स्टोव्ह-गॅस चार-पाच किलो, म्हणजे माणशी दोन किलोच्या आत. सगळं अन्न एकाकडे देऊ नये. तो मागे पडला तर आठही जण उपाशी. गॅस एकाकडे, लायटर दुसऱ्याकडे, काड्यापेटी तिसऱ्याकडे.

भांडी : एकात एक बसणारे सहा आणि चार लिटरचे टोप झाकणांसह, छोटी कढई, पळी, झारा, सुरी, तवा आणि सांडशी. सांडशी विसरणं हा सर्वात जुना रोग आहे. ती स्टोव्हलाच दोरीने बांधून टाकावी. ताट, वाटी, पेला, चमचा ज्याचं त्याने आणायचं आणि घासायचं. कुकर नेण्याची गरज नाही. पाच लिटरच्या कुकरमध्ये खिचडी अर्ध्यापर्यंतच शिजवता येते, म्हणजे चार जणांची, आणि वजन दोन किलो.

गडावर खिचडी

पोचताच डाळ-तांदूळ मोजलेल्या चारपैकी दोन लिटर पाण्यात भिजत घालावं आणि अर्धा तास विसरून जावं. मोठ्या टोपात तीन पंचमांश, लहानात उरलेलं. टोप पातळ ॲल्युमिनियमचा असतो आणि स्टोव्हची ज्योत मधोमध लागते, त्यामुळे मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. टोपाखाली तवा ठेवला की धग पसरते. आधी दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण. त्यावर उरलेलं दोन लिटर पाणी आणि मसाल्याची पुडी, दोन्ही टोपांत त्याच प्रमाणात. पाणी खळखळलं की मगच भिजलेलं धान्य त्याच्या पाण्यासकट. उकळी परत आली की एकदा तळापासून ढवळून आच मंद, झाकण, १२ मिनिटं.

इथे गॅस बंद करायचा. दोन्ही टोप शेजारी ठेवून जुन्या चादरीत आणि वरून घोंगडीत घट्ट गुंडाळायचे, खाली झोपायची मॅट. अर्ध्या-पाऊण तासात खिचडी आतल्या उष्णतेवर शिजते, करपत नाही आणि तेवढ्या वेळात स्टोव्हवर सार होतं, पापड भाजून होतात. मधे झाकण उघडून बघण्याची सवय असणाऱ्याला पाणी आणायला पाठवावं.

पिठल्याच्या गुठळ्यांवर सोपा उपाय : बेसन आणि ७०० मिली थंड पाणी एका रुंद तोंडाच्या बाटलीत घालून जोरात हलवायचं आणि फोडणीच्या ८०० मिली उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडायचं.

उरलेलं अन्न सकाळी खाण्यासाठी ठेवायचं असेल तर थंडीत खिचडी टिकते, पण झाकणावर दगड हवा. गुहांमध्ये उंदीर असतात आणि पाठपिशवी कुरतडून आत जातात. शिध्याच्या पिशव्या दोरीने अधांतरी टांगाव्यात. दिवसा माकडं. त्यांना दाखवून खाऊ नये, आणि चेन उघडी टाकून पाण्याला जाऊ नये.

भांडी आधी कागदाने पुसून काढावीत, मग मातीने, मग थोड्या पाण्याने, आणि हे टाक्यापासून निदान पन्नास पावलं दूर. पुसलेला कागद, पुड्या आणि रिकामे गॅसचे डबे खाली आणायच्या पिशवीत. डबा रिकामा वाटला तरी आत थोडा गॅस असतो, आगीजवळ नेऊ नये.

घरी पोचल्यावर पिशव्या रिकाम्या करताना उरलेली प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवून त्या त्या वेळच्या चिठ्ठीवर आकडा लिहावा : साखर ११० ग्रॅम उरली, चिवडा संपला, पापड सहा उरले. चिठ्ठ्या स्टोव्हच्या पेटीतच ठेवाव्यात.